हिच्या खिडकीसमोरचं गवत

१२ मार्च

ही वही वाचाबाईंनी दिली. बोलायला शिकवणाऱ्या बाईंचं खरं पद लांबलचक आहे, कार्डावर दोन ओळी खातं. मी आपलं वाचाबाई म्हणतो. हिला अर्धांगाचा झटका आला त्याला आज बरोबर एक महिना झाला. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटतो आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. मी चष्मा शोधत फिरायला लागलो की ही डाव्या हाताने माझ्या कपाळाकडे बोट करते, आणि तो तिथेच असतो. पण महिन्याभरात तोंडातून आलं काय, तर ‘हं’, ‘नाही’ आणि एक शिवी. ही शिवी मी अडतीस वर्षांच्या संसारात हिच्या तोंडून ऐकली नव्हती. कुठे साठवून ठेवली होती कोण जाणे.

वाचाबाई वयाने आमच्या लेकीएवढ्या, पण बोलतात मास्तरणीसारख्या. काकू रोज किती शब्द बोलल्या आणि कोणते, ते लिहायचं. सुधारून लिहायचं नाही. पहिले सहा महिने महत्त्वाचे. जे यायचं ते ह्याच काळात भराभर येतं, मग गाडी सावकाश चालते. म्हणजे बारा ऑगस्टपर्यंत. आणि पहिलं पूर्ण वाक्य आलं की वेळ घालून लिहायचं आणि त्यांना लगेच फोन करायचा, त्या जेवत असल्या तरी.

मी चाळीस वर्षं नकाशाखोलीत काढली. इमारतींचे नकाशे. तिथे रेघ केसभर सरकली तरी वरिष्ठ कागद तोंडावर फेकत. नोंदी कशा ठेवायच्या हे मला कुणी शिकवायला नको.

पहिलं वाक्य काय असेल? मला वाटतं माझ्या चहाबद्दल असेल. मी केलेला चहा ही तोंड वाकडं करून पिते. आता तोंड तसंही वाकडंच असतं, त्यामुळे नक्की काही कळत नाही.

१९ मार्च

शब्द: चार. हं, नाही, पांढरा, पिवळा.

रंग कुठून उगवले देव जाणे. मी तर शिकवले नाहीत. मी रोज वाचाबाईंची चित्रं समोर धरतो. कप, चावी, मांजर. ही माझ्याकडे असं बघते की जणू मलाच मांजर ओळखता येत नाहीये. वाचाबाई मात्र रंगांवर बेहद्द खूश.

हिची खुर्ची मागच्या खोलीत खिडकीशी ठेवली आहे, उजेड मिळावा म्हणून. समोर आमची बाग. बाग म्हणजे बारा पावलांचा तुकडा, त्याच्या टोकाला कमरेएवढं तारेचं कुंपण. कुंपणापलीकडच्या घराची मागची खोली एका शिंपीणबाईंनी भाड्याने घेतली आहे, त्यांचं मशीन आमच्या खिडकीच्या अगदी नाकासमोर. बाई पन्नाशीच्या, एकट्या. आवाज खणखणीत. गिऱ्हाइकाला “उद्या या” म्हणाल्या तरी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. आणि सारखी खिडकीत कापडं धरून झटकत असतात. कधी लाल, कधी हिरवं. दुसऱ्याच्या घरासमोर हे काय दुकान मांडायचं?

मी सकाळी सव्वानऊला भाजी-औषधं आणायला बाहेर पडतो, साडेदहाला परततो. तेवढा वेळ ही एकटी. जीव टांगणीला लागलेला असतो, पण करणार काय.

२४ मार्च

आज डोक्यात तिडीक गेली. औषधाचं दुकान बंद होतं म्हणून पावणेदहालाच परत आलो. बघतो तर शिंपीणबाई आपल्या खिडकीत उभ्या, हातात कसलंसं निळं कापड, आणि टक लावून हिच्या तोंडाकडे बघताहेत. डोळ्यांकडे नव्हे, सरळ तोंडाकडे. आणि ही बिचारी! तोंड उघडं, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ हनुवटीवर. एकेकाळी दारावर पोस्टमन आला तरी केस नीट करून दार उघडणारी बाई ही.

मी धाडकन पडदा ओढला. हिने डाव्या हाताने खुर्चीचा हात बडवला. एकदा, दोनदा, तीनदा. शरम वाटणारच. मी म्हटलं, अगं, मी आहे ना, मी बघतो काय करायचं ते.

शब्द: पाच. नवा शब्द ‘निळा’.

२८ मार्च

पडदा लावून ठेवला तर खोलीत अंधार, आणि डॉक्टर म्हणतात उजेड हवा. भिंत बांधायची तर नगरपालिकेची परवानगी, म्हणजे ही धडधाकट होऊन नाचायला लागेपर्यंत कागद फिरत राहणार. म्हणून रोपवाटिकेत गेलो. तिथला दाढीवाला म्हणाला, शोभेचं उंच गवत लावा. ठोंब दाट होतात, सात-आठ फूट जातात, वर पांढरे तुरे येतात, वाऱ्यावर छान हलतात. वर्षातून एकदाच, सगळं वाळल्यावर, वीतभर ठेवून कापायचं. हिरवं असताना, तुरा पोटात असताना कापलं तर ठोंब कुजतो, पुन्हा उठेल ह्याचा भरवसा नाही, असं बजावलं. मी कशाला कापायला जातो?

संध्याकाळी बऱ्याच वर्षांनी ड्रॉइंग बोर्ड काढला. आमची खोली, बाग, कुंपण, त्यांची खोली, सगळ्याचा उभा छेद काढला. शिंपीणबाईंच्या डोळ्यांपासून हिच्या खुर्चीपर्यंत रेघ ओढली. रेघ कुंपणापाशी जमिनीपासून साडेचार फुटांवर जाते. म्हणजे गवत साडेचारच्या वर गेलं की बाईंचं बघणं बंद. हात अजून थरथरत नाही. रेघ इतकी सुंदर आली की हिला नेऊन दाखवली. हिने कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

५ एप्रिल

चौदा ठोंब लावले. दाढीवाल्याने तीन-तीन फुटांवर लावायला सांगितलं होतं, मी दीड फुटावर लावले. माझ्याकडे कुठे वेळ आहे? पात्यांच्या कडा करवतीसारख्या. दोन्ही हात ओरबाडले गेले. ही खिडकीतून बघत होती. मला वाटलं आता तरी हसेल. रागावल्यासारखी दिसली. बहुधा माझ्या हातांमुळे.

गवत: दीड फूट. शब्द: नऊ.

२० एप्रिल

गवत: सव्वादोन फूट. शब्द: चौदा. त्यात ‘बटण’ आणि ‘दोरा’. ‘दोरा’ स्पष्ट म्हणाली. घरात दोऱ्याचा विषय नाही. वाचाबाई म्हणतात मेंदूत काय कुठे ठेवलेलं असतं सांगता येत नाही.

४ मे

गवत: तीन फूट. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, पंधरा दिवसांतून एकदा खत. शब्द: एकोणीस! जांभळा, अस्तर, कात्री, आणि ‘उद्या’. कालपासून सारखं ‘उद्या’. मी विचारलं, अगं काय उद्या? तर हसली. वाकडं का होईना, हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन दोन मिनिटं नळ सोडून उभा राहिलो.

ह्या गतीने जुलैत वाक्य नक्की. माणसाला आडोसा मिळाला की त्याचा जीव थंडावतो, तसं होत असावं. अजून पूर्ण आडोसा व्हायचाय, तरी एवढा फरक.

१४ मे

वाचाबाई सहा आठवडे सुट्टीवर. बहिणीचं बाळंतपण. बदली बाई एकदा आल्या, घड्याळाकडे बघत चित्रं दाखवली आणि गेल्या त्या फिरकल्याच नाहीत. काही अडत नाही. वही आहे, मी आहे.

१८ मे

गवत: चार फूट सात इंच. बोर्डावरची रेघ ओलांडली! खुर्चीमागे उभा राहून बघितलं. शिंपीणबाईंच्या खिडकीची फक्त वरची चौकट दिसते. जिंकलो.

शब्द: अकरा. आज ही जरा थकलेली वाटली.

२७ मे

गवत: साडेपाच फूट. शब्द: सहा. कुठे बिघडलं कळत नाही. जेवण तेच, औषधं तीच, चित्रं मी आता दिवसातून चार वेळा दाखवतो. पलीकडून बाईंच्या हाका मारण्याचा आवाज येतो सकाळचा, कुणाला मारतात कोण जाणे. त्या गोंगाटानेही हिला त्रास होत असेल, म्हणून बाहेर पडताना खिडकी लावून जायला लागलो.

८ जून

गवत: सहा फूट दोन इंच. शब्द: एक.

दिवसभर ‘नको’. सूप नको, गोळी नको, चित्रं नको. खिडकीकडे बोट करून नको. मी म्हटलं लावलेलीच आहे गं खिडकी. तर कप ढकलून दिला. सगळा चहा माझ्या पायावर. मीही माणूस आहे. ओरडलो. मग फरशी पुसत बसलो आणि ही माझ्या डोक्यावरून गवताकडे बघत राहिली.

लेकीचा फोन आला होता. आई बोलत का नाही, बाबा? एप्रिलमध्ये मला ‘जांभळा’ म्हणाली होती. मी म्हटलं असे चढउतार असतात. असतात का, ते मला ठाऊक नाही. दोन महिने उरले.

१४ जून

आज अक्षर नीट आलेलं नाही.

साडेदहाला परतलो तर खुर्ची रिकामी. मागचं दार सताड उघडं. वॉकर पायरीशी आडवा. हाका मारत बागेत धावलो. ही गवतात होती. दोन ठोंबांच्या मधे शिरून पडली होती, डाव्या मुठीत पाती घट्ट धरलेली. गालावर, दंडावर ओरखडे, रक्त. आणि कुंपणाच्या तारेतून हात घालून शिंपीणबाईंनी हिची बाही धरून ठेवली होती. माझ्याशी काहीतरी बोलायला लागल्या मोठ्यामोठ्याने. मी म्हटलं, बघून झालं असेल तर जा आता. गेल्या नाहीत. मी हिला उचललं तेव्हा कुठे हात सोडला.

दारापासून गवतापर्यंत अकरा पावलं आहेत. मी मोजली. व्यायाम करून घ्यायला येतो त्याच्यासमोर ही पाचच्या पुढे कधी गेलेली नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, झटक्यानंतर कधीकधी माणूस भरकटतो, दिशा कळत नाही, लक्ष ठेवा.

शब्द: शून्य. जखमा धुताना रडली, पण त्यात शब्द नव्हता.

१५ जून

मागच्या दाराला बाहेरून कडी बसवली. पुढच्या दाराला कुलूप असतंच. बाहेर जाताना दोन्ही लावून गेलो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण हाड मोडलं तर काय करू? एकटा माणूस मी.

परत आलो तेव्हा वॉकर मागच्या दाराला टेकून आतल्या बाजूला पडला होता. ही खुर्चीत, डोळे मिटून. झोपली नव्हती.

१९ जून

शिंपीणबाई चक्क पुढच्या दारात आल्या. हिला भेटायचंय म्हणाल्या, पाच मिनिटं. बोलताना माझ्याही तोंडाकडेच बघत होत्या. मी सांगितलं, झोपली आहे. त्या माझ्या खांद्यावरून आत बघत क्षणभर थांबल्या, मग बरं म्हणाल्या आणि गेल्या. ही झोपली नव्हती. पण ओरखड्यांनी भरलेलं तोंड कुणाला कशाला दाखवायचं?

गवत: सात फूट. दाढीवाला म्हणाला होता तसं खोड फुगायला लागलंय, तुरे पोटात आहेत.

१ जुलै

वाचाबाई परत आल्या. हिच्याजवळ अर्धा तास बसल्या. कप, चावी, मांजर. हिने मान फिरवली. मग त्यांनी वही मागितली. मला वाटलं होतं शाबासकी मिळेल, एकही आकडा फुगवला नव्हता.

त्या पानं पुढे गेल्या, मागे आल्या. माझी पेन्सिल घेतली आणि काही आकड्यांभोवती गोल काढले. मग विचारलं, हे गवत कुठे आहे. मी बोट दाखवलं. खिडकीबाहेर दुसरं काही नव्हतंच.

“काका, काकूंच्या खुर्चीत तुम्ही कधी बसलात?”

मला राग आला. म्हटलं, मी इथे दिवसभर उभा असतो, मला बसायला फुरसत कुठे आहे. त्यांनी हिला हात देऊन पलंगावर बसवलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. बसलो. समोर गवत. हिरवं, हलणारं. पहिलं मिनिट छान वाटलं. मग डावीकडे बघितलं, गवत. उजवीकडे, गवत. वर जरासं आभाळ. चार महिने ही इथे बसते आहे आणि मी एकदाही बसलो नव्हतो.

वाचाबाईंनी गोल काढलेली वही माझ्या मांडीवर ठेवली. तीन फुटांपर्यंत शब्द चढत गेलेत. साडेचार ओलांडलं आणि उतरले. एकाच वहीत, माझ्याच अक्षरात, एकाखाली एक. आणि शब्द कोणते? पांढरा, पिवळा, निळा. बटण. दोरा. अस्तर. कात्री. उद्या.

चाळीस वर्षं रेघा ओढल्या मी. एका डोळ्यापासून रेघ काढली तर तिचं दुसरं टोकही कुणाच्या तरी डोळ्यात असतं, हे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ मुलालाही कळतं. मी ती रेघ एकाच बाजूने वाचली. आणि मग मोठ्या कौतुकाने ती हिलाच नेऊन दाखवली.

वाचाबाईंना सगळं सांगितलं. कडीचं सांगितलं नाही, आणि त्यांनी वहीतले आकडेच तेवढे वाचले होते.

२ जुलै

उजाडताच कात्री आणि विळा घेऊन बागेत गेलो. पहिल्या ठोंबाला हात घातला तेव्हा खोडं चिरडल्यावर आतून तुरे निघाले, ओले, पिसासारखे. दाढीवाल्याचं बोलणं आठवलं. कापत गेलो. हातमोजे घालायचं सुचलं नाही. चौदाच्या चौदा ठोंब वीतभर ठेवून कापले तेव्हा साडेआठ वाजले होते, पाठीचा काटा ढिला झाला होता. मागे वळलो तर ही खिडकीत उभी. वॉकर नाही, चौकट धरून उभी.

मी बाजूला झालो, हिला दिसावं म्हणून.

समोरची खिडकी उघडी होती. आत भिंत आणि जमिनीवर पडलेली एक चिंधी. मशीन नाही, टेबल नाही, पडदा नाही. ही बराच वेळ बघत राहिली. मग खुर्चीत बसली आणि तोंड भिंतीकडे केलं. मी आत जाऊन अगं ऐक, अगं ऐक, म्हणत राहिलो.

शब्द: शून्य. एकेचाळीस दिवस उरले.

३ जुलै

पलीकडच्या घरमालकाने पत्ता दिला. चार गल्ल्या सोडून, पाव भाजणाऱ्याच्या मागे, शिंपीणबाईंनी स्वतःचं दुकान घेतलंय. एकोणीस जूनला त्या हेच सांगायला आल्या होत्या.

गेलो. दुकान म्हणजे एक खोली, शाळेच्या गणवेशांचे ढीग, मशीन दारातच. बाईंनी मान वर केली आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी बोलायला लागलो तर म्हणाल्या, “हात खाली घ्या तोंडावरचा. मला ऐकू कमीच येतं. तोंड बघितल्याशिवाय कळत नाही.”

मी हात खाली घेतला.

त्यांनी शिवता शिवताच सांगितलं. मार्चमध्ये एकदा खिडकीत कापड बघत होत्या उजेडात, तर समोर खुर्चीतल्या बाईंचे ओठ ‘पांढरा’ म्हणाले. आवाज आला की नाही ठाऊक नाही, पण ओठ म्हणाले. तोंड वाकडं असलं तरी दिसतं. तेव्हापासून रोज साडेनऊला. ह्या कापड धरायच्या, कधी बटण, कधी दोरा, आणि ही रंग नाहीतर नाव सांगायची. बरोबर आला तर कापड मशीनवर, चुकला तर पुन्हा झटकून धरायचं. ‘उद्या’ हा गमतीचा शब्द होता, दुकान बंद करायची खूण. मग गवत आलं. हाका मारून बघितल्या, पण हाकेला उत्तर आलं तरी ह्यांना ते ऐकू कुठून येणार?

“तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?”

नव्हतं म्हटलं.

“झोपल्यात म्हणालात त्या दिवशी. तुमच्या खांद्यावरून मला दिसत होत्या त्या.”

मी म्हटलं, माझं चुकलं. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललोय ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील, आणि ही पूर्वीसारखी बोलत असती तर म्हणाली असती बोटं उरतील. बाईंना दया वगैरे आली नाही. तुमच्या दारात मी पुन्हा येणार नाही, म्हणाल्या, गणवेशांचे दिवस आहेत, वेळही नाही. त्यांना इथे आणा. साडेनऊला.

६ जुलै

चाकाची खुर्ची भाड्याने आणली. हिला सांगितलं कुठे जायचंय, तर विश्वास बसला नाही. माझ्याकडे बघेचना.

झटक्यानंतर ही पहिल्यांदा रस्त्यावर आली. खरं लिहायचं तर मीच आणली नव्हती. डॉक्टरांनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं, बाहेर फिरवा. मी ऊन आहे म्हणायचो, गर्दी आहे म्हणायचो. आज सगळे बघत होते. पाववाला बघत होता, माझ्या जुन्या कचेरीतला एक शिपाई भेटला, तोही बघत होता. चौकात हिची लाळ गळली. मी रुमाल काढला आणि भर रस्त्यात, गाड्या थांबलेल्या असताना, पुसली. पुसताना मला कळलं की चार महिने शरम मला वाटत होती. हिला नव्हे.

दुकानाच्या दारातून खुर्ची कशीबशी आत गेली. बाईंनी मशीन थांबवलं, उठल्या, हिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि हिचा डावा हात हातात घेतला. मला म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा.

पायरीवर बसलो. मग बाईंचा खणखणीत आवाज, “नाही, नीट बघा.” मग हिचा आवाज.

शब्द: दोन. तांबडा, करडा.

९ जुलै

शब्द: आठ. पायरीवर बसून मी ऐकतो. गिऱ्हाइकं माझ्या पायांवरून उडी मारून आत जातात. एकीने मला रखवालदार समजून छत्री सांभाळायला दिली.

घरी मात्र ही माझ्याशी काही बोलत नाही. चहा घेते, मान हलवते. मागच्या दाराची कडी मी काढून टाकली आहे. स्क्रू काढताना ही खुर्चीतून बघत होती. चार भोकं दारावर राहिली आहेत, ती बुजवायचीत.

ठोंबांच्या कापलेल्या बुडांवर काळं पडतंय. दोन कुजलेत.

१३ जुलै

शब्द: तेवीस. वाचाबाई म्हणतात दोन-दोन शब्द जोडून येताहेत, आता कधीही. कान उघडे ठेवा, काका. मी पायरीवर वही आणि पेन्सिल घेऊन बसतो. शिंपीणबाई मला हसतात.

१४ जुलै

सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटं. दुकानात.

दार उघडं होतं. आत दोन गिऱ्हाइकं होती, गणवेश घालून बघणाऱ्या मुलींच्या आया. बाईंनी हिरवं कापड धरलं होतं. हिने त्याकडे बघितलंच नाही. डाव्या हाताने उजवी बाही वर सारली आणि गवताने ओरबाडलेल्या दंडावरच्या खुणा दाखवल्या. आता पांढऱ्या पडल्यात. बाईंनी विचारलं, मग नंतर का आला नाहीत? मी पुढचे चार दिवस साडेनऊला कुंपणाशी येऊन उभी राहत होते.

ही विचार करत राहिली. ओठ हलले, थांबले, परत हलले. मी पायरीवरून उठलो होतो. मला तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की हे येतंय, ज्याची पाच महिने वाट बघतोय ते आत्ता येतंय. हिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“ह्यांनी मला कोंडलं.”

दोघी आयांनी मुलींना जवळ ओढलं. शिंपीणबाई हिच्या ओठांवरून नजर काढून माझ्याकडे बघायला लागल्या. ही रडत नव्हती. उलट, एखादं जड गाठोडं एकदाचं खाली ठेवावं तशी दिसत होती. मला आनंद झाला होता, हे मी लिहिलंच पाहिजे. छाती फुटेल असा आनंद झाला होता, आणि त्याच वेळी तोंड लपवायला जागा नव्हती. मी घड्याळ बघितलं आणि पायरीवर बसून लिहून घेतलं.

वाचाबाईंना तिथूनच फोन लावला. वाक्य आलं म्हटल्यावर त्या अक्षरशः ओरडल्या. किती शब्दांचं? तीन. स्पष्ट? अगदी स्पष्ट, शिंपीणबाईंना ओठांवरून कळलं, बाकीच्यांना कानांनी. मग म्हणाल्या, सांगा ना काका, काय म्हणाल्या काकू?

मी वहीतून वाचून दाखवलं. वाचाबाईंनी एवढंच विचारलं,

“सुधारून तर लिहिलं नाहीत ना?”

नाही, म्हटलं. जसं बोलली तसंच लिहिलंय.